खीळ, स्टेपनी आणि नातवाच्या गाडीची चाके

मागच्या महिन्यात आम्ही सगळे गगनबावड्याला गेलो होतो. नातू, नातसून, मांडीवर पणती आणि पुढच्या सीटवर अस्मादिक. चारच दिवसांपूर्वी नातवाने त्याच्या जुन्या स्विफ्टला अलॉय व्हील्स बसवून घेतली होती. चांदीसारखी चकचकीत! मी जाताना कौतुकही केले. परत येताना कळ्याच्या अलीकडे डाव्या बाजूने टक् टक् असा आवाज सुरू झाला. नातू म्हणाला, "आबा, खडा अडकला असेल." मी म्हटले, "थांबव."

उतरून पाहिले तर पुढच्या डाव्या चाकाच्या चार नटांपैकी तीन बोटाने फिरत होते. नातवाचा चेहरा उतरला. नातसून काही बोलली नाही, फक्त पणतीला घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. ते न बोलणे त्याला जास्त लागले असावे.

आता इतिहासाच्या मास्तराला नटबोल्टातले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. पण एका जुन्या फजितीमुळे या विषयाशी माझा संबंध आहे. ती सांगतोच, पण आधी थोडे मागे जाऊ.

चाक कोणी शोधले हे आम्ही वर्गात शिकवत आलो. ते कण्यावर टिकते कशाने, हे मात्र कोणी विचारत नाही. बैलगाडीत ते काम एका खिळीचे. तुंबा, आरे, लोखंडी धाव हा सगळा पसारा कण्याच्या टोकाला आडव्या घातलेल्या वीतभरही नसलेल्या खिळीवर अवलंबून असायचा. आमचे आजोबा गाडी जुंपण्याआधी बैलांच्या पाठीवर हात फिरवायचे आणि दोन्ही खिळी चाचपायचे. पुढे रबरी टायरची गाडी आली. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉपने पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, त्याचे नाव आमच्याकडे उसाच्या बैलगाडीला चिकटले. आजही कारखान्याकडे जाणाऱ्या रबरी चाकांच्या गाडीला 'डनलॉप'च म्हणतात. त्या गाडीत खिळीची जागा बेअरिंग आणि नटाने घेतली. म्हणजे चाक बदलले तेव्हा खीळही बदलली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोटारीची कथा आणखी गमतीची. सुरुवातीच्या मोटारींची चाके अशी चटकन काढताच येत नसत. पंक्चर झाले की चाक गाडीलाच ठेवून, रस्त्यात बसून टायर सोडवायचा आणि ठिगळ लावायचे. वेल्समधल्या लानेली गावात डेव्हीस नावाच्या दोन भावांनी १९०४ साली यावर तोड काढली. आरे नसलेली एक नुसती कडी, तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर चाकाच्या बाजूला ती क्लॅम्पने आवळायची आणि घर गाठायचे. त्यांचे दुकान होते स्टेपनी स्ट्रीटवर. होय मंडळी, आपली 'स्टेपनी' ती हीच! त्या रस्त्याचे नाव साहेबाच्या देशात आता बहुतेकांना आठवत नसेल, पण आमच्या बागल चौकातल्या पंक्चरवाल्याच्या तोंडी ते रोज असते. कंपनीने न दिलेले, बाजारातून आणून बसवलेले चाक म्हणाल तर स्टेपनी हे त्याचे जुने घराणे.

१९०८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सबंध चाकच काढता-घालता येईल अशी सोय झाली. रज-व्हिटवर्थच्या तारांच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट, तर सँकीच्या दाबीव पोलादी चाकाला भोवती नट. दुसरी पद्धत आपल्या गाड्यांना आहे.

आणि इथे माझी फजिती. १९७६ साली मी राधानगरी भागात नोकरीला होतो. शाळेच्या कामासाठी गावातल्या एकांची जुनी विलीज जीप घेऊन निघालो आणि डावे चाक बसले. ड्रायव्हर पाणी आणायला गेला, तेवढ्यात मी तरुण रक्ताचा, पान्याला पाइप लावून जोर काढला. नट सुटेना. आणखी जोर. कडाड्! एक स्टड मोडला. मग दुसराही. ड्रायव्हर धावत आला. "गुर्जी, डाव्या अंगाचं नट उलट्या आट्याचं असत्यात की वो!" स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरला होता. इंग्रजी माझे पहिल्यापासून कच्चे, पण तेवढे अक्षर यायला हवे होते.

उलटे आटे कशासाठी, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. स्टडपेक्षा चाकाचे भोक किंचित मोठे असते. नट सपाट असेल तर ओझ्याखाली चाक प्रत्येक फेऱ्याला केसभर सरकते आणि सरकताना नटाला ओढते. तो हळूहळू सैल होतो. म्हणून चाक पुढे धावताना ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला नट आवळला जावा, असे आटे पाडत. डावीकडे उलटे, उजवीकडे सुलटे. क्रायस्लरच्या गाड्यांना १९६० च्या दशकातही असेच नट असत. निमुळत्या बुडाच्या नटाने हा प्रश्न बराचसा सोडवला. तो भोकाच्या उतारात रुतून बसतो, चाक मध्यावर आणतो, सरकायला जागाच ठेवत नाही. अर्थात भोकाचा उतार आणि नटाचा उतार एकच असेल तर!

नातवाच्या चाकांचे नेमके तेच बिनसले होते. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. आमच्या राजारामपुरीला लागूनच तर आहे. त्यांनी एक नट हातात घेतला आणि म्हणाले, "मास्तर, ह्येचं बूड गोल हाय." चाकाच्या भोकाला साठ अंशांचा उतार, आणि ज्याने चाके बसवली त्याने चकाकते म्हणून गोल बुडाचे नट घातलेले. गोल बूड उताराला फक्त एका बारीक रेषेवर टेकते. घट्ट वाटते, पण धरत नाही. तीन भोके थोडी लंबगोल झाली होती. ते चाक बाद.

मग मेस्त्रींनी आम्हा दोघांचीच शिकवणी घेतली. सुझुकीच्या गाडीला बारा मिलिमीटरचा स्टड आणि सव्वाचा पिच. टोयोटा, होंडाला दीडचा. दीडचा नट सव्वावर दोन आटे चढतो आणि मग अडतो. तिथे मशिनगन चालवली की स्टडचे वाटोळे. नट हातानेच सुरू करायचा आणि निदान स्टडच्या जाडीइतका आत जाऊ द्यायचा, म्हणजे सव्वाच्या पिचला नऊ-दहा फेरे. स्विफ्टच्या हबला चाकाचे मधले भोक ५४.१ मिलिमीटर लागते. बाजारातल्या अलॉयचे बहुधा मोठे असते, मधली फट भरायला रिंग घालावी लागते. आमच्या चाकांत ती नव्हतीच. आट्यांना तेल लावू नये हेही त्यांनी सांगितले. (मी इतकी वर्षे लावत आलो!) तेलामुळे घर्षण कमी होते, मग टॉर्क पान्यावर आकडा बरोबर दिसला तरी स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो.

नवे चाक, सोळा निमुळते नट आणि चार रिंगा. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. हे शेवटचे काम चाके बसवणाऱ्याने सांगितलेच नव्हते. नातवानेही विचारले नव्हते, आणि कौतुक करणाऱ्या आबांनीही नाही. खिळी चाचपणाऱ्या आजोबांचा नातू मी!

रविवारी नातू जोतिबाला जाऊन आला आणि गल्लीतच पान्याने नट तपासायला बसला. नातसून दारात उभी होती. चौथ्या चाकाचा शेवटचा नट झाल्यावर तिने विचारले, "सगळे बघितले?" तो म्हणाला, "हो." तिने पुढे होऊन पान्याला हात लावला आणि पहिल्या चाकापासून स्वतः पुन्हा सुरुवात केली.