खानदेशाबाहेर राहिलेली राजधानी



या स्मृतिव्याख्यानासाठी मी विषय दूरचा शोधला नाही. आपल्या चांदनीच्या परिसरातून जाणारा लोहमार्ग ज्या वाटेने सातपुडा ओलांडतो, तीच उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांना जोडणारी जुनी वाट. असीरगड तिचा पहारेकरी आणि तापीकाठचे बऱ्हाणपूर तिचा दरवाजा. ज्याला दख्खनेत उतरायचे, त्याला हा दरवाजा हवाच असे.

फारुकी सुलतानांनी सुमारे दोन शतके येथून खानदेशावर राज्य केले. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. पुढे निजामाचा अंमल बसला. 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर हा मुलूख पेशव्यांना मिळाला व नंतर शिंद्यांकडे गेला.

मग खानदेशची ही राजधानी आज खानदेशाबाहेर का? पुष्कळ जण 1956 च्या राज्य पुनर्रचनेकडे बोट दाखवतात. माझ्या मते ही रेघ त्याहून दीडशे वर्षे जुनी आहे. ऑक्टोबर 1803 मध्ये इंग्रजांनी बऱ्हाणपूर आणि असीरगड जिंकले. परंतु डिसेंबरातील सुर्जी-अंजनगावच्या तहाने ते शिंद्यांना परत केले. 1818 मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी खानदेश जिल्हा उभारला, तेव्हा बऱ्हाणपूर शिंद्यांकडेच असल्याने त्यात आले नाही. असीरगड 1819 मध्ये पडला. शहर मात्र 1860 च्या मुलुखांच्या अदलाबदलीत इंग्रजांकडे आले आणि निमाड जिल्ह्याला जोडले गेले. 1956 ने जुन्याच रेघेवर शाई फिरवली.

तहाच्या एका कलमाने दोन इतिहास वेगळे केले. महाराष्ट्रातला खानदेशचा अभ्यासक रावेरला थांबतो. मध्य प्रदेशातला अभ्यासक बऱ्हाणपूरला निमाडचे टोक समजतो. राजधानी दोघांच्याही हातून निसटते.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी राजाने अरबीबरोबर संस्कृत लेख कोरविला आहे. त्याच वास्तूत अकबराच्या विजयाचाही लेख आहे. जेत्याने आधीचे अक्षर खरवडले नाही. शेजारी आपले कोरले. सरहद्दीवरच्या गावाचा इतिहास असाच वाचावा लागतो, सर्व लेख एकत्र ठेवून.

विद्यार्थीमित्रांनो, आपल्या घरांतील मोडी कागद, जुन्या सनदा रद्दीत जाऊ देऊ नका. राज्ये बदलली तरी हा पुरावा आपल्याच हाती आहे. तो जपणे हेच गुरुजनांचे खरे स्मरण होय.