एक मूत्रपिंड पुरतं, मग दुसरं का वाचवायचं?

मंडळी, आजची गोष्ट जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावापासून सुरू होते. आधीच्या एका शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला इजा झालेली एक बाई तिथे होती. तिची लघवी सतत झिरपायची. गुस्टाफ झिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलं, की एका मूत्रपिंडावर प्राणी जगतो. मग २ ऑगस्ट १८६९ रोजी त्यांनी तिचं त्या बाजूचं मूत्रपिंड काढलं. बाई जगली. एक मूत्रपिंड पुरतं, हे सिद्ध झालं.

पुढे झिमोन यांच्याच जागी आलेल्या चेर्नी यांनी १८८७ मध्ये उलटा विचार केला. त्यांनी कर्करोगाची गाठ तेवढी काढली आणि उरलेलं मूत्रपिंड राखलं. पण ही वाट रुळली नाही. का? हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. तिथे सुरी चालवायची म्हणजे रक्तस्राव आणि नंतर लघवी गळण्याची भीती. त्यापेक्षा सगळंच काढलेलं बरं. नाहीतरी एक पुरतंच की!

१९५० मध्ये अमेरिकेतले व्हर्मूटन म्हणाले, की कडेची, वेगळी दिसणारी गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढता येईल. पण १९६९ मध्ये, म्हणजे झिमोन यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, कॅनडातले रॉबसन यांनी मूत्रपिंड आणि भोवतालची चरबी, सगळंच काढण्याच्या पद्धतीचे चांगले निकाल मांडले आणि तोच शिरस्ता झाला.

चित्र पालटलं ते सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमुळे. दुसऱ्याच कारणासाठी तपासणी करताना लहान गाठी सापडू लागल्या. दोनतीन सेंटिमीटरच्या गाठीसाठी अख्खा अवयव काढायचा? आणि बघा, मूत्रपिंड दान करणारा माणूस पारखून निवडलेला, धडधाकट असतो. गाठ असलेला रुग्ण बहुतेकदा उतारवयातला, कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब. त्याचं उरलेलं मूत्रपिंड पुरेल, हे कोण सांगणार?

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. युरोपातल्या एका चाचणीत ५४१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. २०११ चा निकाल असा: दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण पूर्ण काढलेल्या गटात सुमारे ८१ टक्के, राखलेल्या गटात सुमारे ७६! राखलेल्या गटात मूत्रपिंडांचं काम जास्त टिकलं खरं, पण ती पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. तरीही आज चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत, जमत असेल तर, मूत्रपिंड राखण्याकडेच कल आहे. वाद मिटलेला नाही.

म्हणून झिमोन यांचं उत्तर चुकीचं नव्हतं. ते एका रुग्णापुरतं होतं. आपण ते सगळ्यांना लावत बसलो. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा गाठीबद्दल विचाराच, पण हेही विचारा: “माझं दुसरं मूत्रपिंड कसं आहे?”