नवीन पिकअप घेताय? भाव कुठे तुटतो आणि कुठे तुटत नाही

शिरूर तालुक्यातल्या केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई या पट्ट्यात पिकअप ही नुसती गाडी नसते, घरचा धंदा असतो. कांदा चाकणला न्यायचा, भाजीपाला पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात पोहोचवायचा, कुणाचा कोंबड्यांचा, कुणाचा फळांचा, कुणाचा भंगाराचा व्यवसाय. बकरी ईदच्या आधीचे चार आठवडे तर गाडीला विसावा नसतो. घरातल्या दागिन्यांनंतर बहुतेक कुटुंबांची सर्वांत मोठी खरेदी हीच.

तरीही मंडईत दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारा माणूस शोरूममध्ये गेला की बुजतो. समोर एसी, हातात चहा, आणि सेल्समन विचारतो, "चाचा, महिन्याला किती हप्ता जमेल?" या एका प्रश्नात सौदा हातातून निसटतो. कारण बोलणी गाडीच्या किमतीवर न होता हप्त्यावर सुरू होतात. हप्ता कमी करणे सोपे असते, एक वर्ष वाढवले की झाले. पैसे मात्र जास्तच जातात.

आधी घरी बसून ठरवा

शोरूमला जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: एका फेरीला किती माल, दिवसाला किती किलोमीटर, आणि रस्ता कसा. कांद्याची गोणी 50 किलोची धरली तर 1.3 टन क्षमतेच्या गाडीत 26 गोण्या बसतात, 1.7 टनाच्या गाडीत 34. रोजचा माल 20 गोण्यांचा असेल तर मोठ्या गाडीचे जादा पैसे आणि जादा डिझेल कशाला?

महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा आणि इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त, मारुतीची सुपर कॅरी, आणि 2005 मध्ये आलेला टाटा एस म्हणजे आपला 'छोटा हत्ती', असे पर्याय आहेत. किमान दोन कंपन्यांच्या गाड्या तुमच्या कामाला चालतील असे बघा. एकाच गाडीवर जीव जडला आणि ते सेल्समनला कळले, की भाव तिथेच थांबतो.

गाडीचे एकूण वजन, म्हणजे माल भरल्यानंतरचे कमाल नोंदणीकृत वजन, जरूर विचारा. ते 3,000 किलोपेक्षा जास्त नसेल तर मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. परवान्याबद्दलही एक दिलासा आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे.

किमतीचे तुकडे करा

'ऑन-रोड इतके लाख' हा आकडा ऐकून मान डोलावू नका. "साहेब, एकेक ओळ लिहून द्या," असे म्हणा. त्या कागदावर दोन प्रकारच्या ओळी असतात. काही सरकारने ठरवलेल्या. तिथे वाद घालून उपयोग नाही, पण आकडा बरोबर आहे का हे तपासायचे. उरलेल्या ओळी डीलरच्या हातातल्या. भाव तिथे तुटतो.

सरकारी ओळी अशा:

जीएसटी. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. करासह 9 लाखांच्या गाडीची मूळ किंमत 7,62,712 रुपये येते. जुन्या दराने हीच गाडी 9,76,271 रुपयांना पडली असती. म्हणून "जुना भाव बघा, आम्ही 70 हजार सोडले" असे कुणी सांगितले तर फसू नका. ती सरकारची करकपात आहे, डीलरची सवलत नव्हे.

रस्ता कर. महाराष्ट्रात 2025 च्या अर्थसंकल्पानंतर 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीवर 7 टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे लाखाला 7 हजार.

नोंदणी. हलक्या मालवाहू गाडीची नोंदणी फी 1,000 रुपये, आणि कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर आणखी 1,500 रुपये. काही कोटेशनवर 'आरटीओ' म्हणून एकच गोल रक्कम लिहिलेली असते. तिचे तुकडे मागा आणि शेवटी 'वाहन' पोर्टलची सरकारी पावती मागा. पावतीपेक्षा जास्त घेतलेले पैसे कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

थर्ड पार्टी विमा. याचा दर सरकार ठरवते. 2022 च्या दरपत्रकात 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी तो 16,049 रुपये होता, शिवाय त्यावर जीएसटी.

भाव इथे तुटतो

पहिली जागा गाडीच्या किमतीतली रोख सूट. ही बिलावरच कमी झाली पाहिजे. "सूट नाही, पण ताडपत्री, सीट कव्हर आणि मॅट फ्री देतो" असे म्हणाले तर त्याच वस्तूंचा भाव बाहेरच्या दुकानात विचारून या. शोरूमच्या 15 हजारांच्या वस्तू बाहेर बऱ्याच स्वस्तात मिळू शकतात. आधी रोख सूट पक्की करा, सामानाचे शेवटी बोला.

दुसरी जागा विम्याचा उरलेला भाग, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हा हक्क ग्राहकाचा आहे. बाहेरून एक-दोन कोटेशन आणा आणि समोर ठेवा. फक्त गाडीची विम्यातली किंमत दोन्ही कोटेशनमध्ये सारखी आहे का ते बघा. ती कमी दाखवली की हप्ता स्वस्त दिसतो, पण गाडी चोरीला गेल्यावर पैसेही कमी मिळतात.

तिसरी जागा 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'फाइल चार्ज', 'टेफ्लॉन कोटिंग' अशा ओळी. हव्या नसतील तर सरळ काढायला सांगा. नव्या गाड्यांची सुरक्षा नंबर प्लेट 1 एप्रिल 2019 पासून गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच पुरवायची आहे. तिची वेगळी रक्कम लावली असेल तर कारण विचारा.

चौथी जागा जुन्या गाडीचा एक्स्चेंज. नव्या गाडीचा भाव ठरेपर्यंत जुनी गाडी द्यायची आहे हे बोलूच नका. नाहीतर इकडे दहा हजार सोडतात आणि तिकडे वीस हजार कापतात. जुन्या गाडीचा बाहेरचा भाव आधी काढून ठेवा.

तीन कोटेशन, एक आकडा

एकाच गाडीचे किमान तीन डीलरकडून लेखी कोटेशन घ्या. केंदूरकरांना नगर रस्त्याने वाघोली-पुणे, चाकणची बाजू आणि अहिल्यानगर, अशा तिन्ही दिशा मोकळ्या आहेत. मॉडेल, हौद्याची लांबी, इंधन आणि पॉवर स्टीअरिंग सगळीकडे सारखेच सांगा, नाहीतर तुलना होत नाही. मग सर्वांत कमी कोटेशन घेऊन जवळच्या डीलरकडे जा. सर्व्हिसिंगला तोच बरा पडतो.

बोलणे साधे ठेवा. "भाऊ, मला गाडी या महिन्यात घ्यायची आहे. माझ्याकडे हा लेखी भाव आहे. याच्याखाली तुम्ही किती येता ते सांगा, मग मी दुसरीकडे जात नाही." एवढे बोलून गप्प बसा. आपल्याला शांतता सहन होत नाही, आणि आपणच आपला भाव वाढवतो. "मॅनेजरला विचारून येतो" म्हणाले तर येऊ द्या. नाही जमले तर सलाम करून उठा, नंबर देऊन या. दुसऱ्या दिवशी फोन येण्याची शक्यता बरीच असते.

सोबत जाणकार ड्रायव्हर किंवा गाडीवाला नातेवाईक न्या. पण आकडा एकानेच बोलायचा, हे घरूनच ठरवून निघा. अब्बा एक आकडा आणि मुलगा दुसरा बोलला की सौदा संपला.

घाई महाग पडते

महिनाअखेर, आणि त्यातही मार्चअखेर, डीलरला विक्रीचा आकडा पूर्ण करायचा असतो. डिसेंबरमध्ये चालू वर्षात बनलेल्या गाड्या काढायच्या असतात. जानेवारीत मागच्या वर्षाची गाडी मिळत असेल तर ती वाईट नसते, पण पुढे विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. त्यामुळे तेवढी सूट आताच मागा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर असते.

उलट, बकरी ईदच्या आठवड्यावर किंवा कांदा काढणीच्या तोंडावर गाडीला गेलात तर तुमची नड चेहऱ्यावर दिसते. हंगामाच्या दोन महिने आधी सौदा करा.

हप्त्याचे गणित

कर्ज घेणार असाल तर 'फ्लॅट रेट' हा शब्द लक्षात ठेवा. 7 लाखांवर 7 टक्के फ्लॅट दराने 4 वर्षांचे व्याज 1,96,000 रुपये होते आणि हप्ता साधारण 18,667 रुपये बसतो. ऐकायला 7 टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र पूर्ण 7 लाखांवर लावलेले असते. घटत्या मुद्दलावर मोजले तर हाच दर सुमारे 12.7 टक्के होतो. म्हणजे दुसरीकडे 11.5 टक्के घटत्या दराने मिळणारे कर्ज, आकडा मोठा दिसला तरी, स्वस्त आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जांसाठी ग्राहकाला सोप्या भाषेतले मुख्य माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी ते मागा आणि शेवटचा एकच आकडा बघा: एकूण किती पैसे परत करायचे. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड किती, हेही तेव्हाच विचारा.

व्याज टाळायचे असेल तर

आपल्यापैकी अनेक कुटुंबांना व्याजाचा व्यवहार नको असतो. मुराबहा पद्धतीत पैसे पुरवणारा आधी गाडी स्वतः विकत घेतो, त्यावरचा नफा उघडपणे सांगतो आणि ठरलेल्या एकूण किमतीला हप्त्यांवर ती तुम्हाला विकतो. आपल्याकडच्या नेहमीच्या बँकांत ही सोय नसते. त्यामुळे लोक घरातली बचत, दागिने, भिशी आणि नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना असा मेळ घालतात. कुठला व्यवहार जायज, हे आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. व्यवहाराच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. एक, बिनव्याजी पैशात लहान किंवा चांगल्या स्थितीतली जुनी गाडी येत असेल तर पहिली दोन वर्षे तीच बरी. दुसरी, घरातला घेणे-देणे व्यवहारही लिहून ठेवा. उधारी साक्षीदारांसह लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहेच. मामू-भाच्यात कोर्टकचेरी झाली ती न लिहिल्यामुळेच.

इसारा, रोख आणि कागद

बुकिंगचा इसारा देताना पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: मॉडेल, ठरलेली ऑन-रोड किंमत, ताब्याची तारीख, आणि बुकिंग रद्द झाल्यास इसारा परत मिळेल की नाही. तोंडी शब्दावर विसंबू नका. आज बोललेला सेल्समन महिन्याने तिथे असेलच असे नाही.

सगळी रक्कम रोख देऊन भाव पाडू, असे कुणी सुचवले तर ऐकू नका. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे. पैसे बँकेतूनच द्या, आणि ते डीलरच्या फर्मच्या खात्यात, कुणा व्यक्तीच्या खात्यात नाही. गाडीची किंमत 10 लाखांच्या वर गेली तर 1 टक्का टीसीएस कापला जातो. तो आयकर विवरण भरून परत मिळवता येतो, म्हणून पॅन बरोबर द्या. व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर बिल त्याच नावाने आणि क्रमांकाने घ्या. मालवाहू गाडीवरच्या कराची वजावट मिळू शकते.

ताबा घेताना

नोंदणीशिवाय गाडी देऊ नये असा नियम आहे. 'नंबर नंतर येईल, गाडी घेऊन जा' याला हो म्हणू नका. रस्त्यात काही झाले तर विम्याचा वाद तुमच्या गळ्यात.

दिवसाउजेडी गाडी बघा. चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा. किलोमीटर बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, 2325 म्हणजे 2025 सालचा 23 वा आठवडा. हौदा, फाळका, हूक, पाटे, स्टेपनी आणि जॅक तपासा. मगच पूर्ण पैसे मिळाल्याच्या कागदावर सही करा. नव्या गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते, त्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 'धंद्याची गाडी, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही' असे कुणी म्हणेल. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

शोरूममध्ये लाजू नका. गोणीमागे दोन रुपये सुटावेत म्हणून पहाटे तीनला यार्डात उभा राहणारा माणूस एका दुपारी शांतपणे बसून तीस-चाळीस हजार वाचवू शकतो. फक्त बोलणी हप्त्यावर नाही, एकूण किमतीवर करायची. आणि ठरले ते लिहून घ्यायचे.