कूतचा वेढा आणि मराठा पलटणी

कूतचा वेढा (७ डिसेंबर १९१५ – २९ एप्रिल १९१६) हा पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमिया मोहिमेचा सर्वांत दीर्घ व निर्णायक प्रसंग होय. आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावर वसलेल्या कूत-अल-अमारा या गावात ब्रिटिश हिंदी सैन्याची ६वी (पुणे) डिव्हिजन ऑटोमन तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली आणि अखेर तिने शरणागती पत्करली. या डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी व ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या आणि तिन्ही कैद झाल्या. महाराष्ट्राच्या लष्करी इतिहासात एकाच दिवशी इतके मराठी शिपाई शत्रूच्या हाती पडल्याचा प्रसंग पानिपतानंतर दुसरा सांगता येत नाही. तरीही शालेय पाठ्यपुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते.

पार्श्वभूमी

युरोपात ऑगस्ट १९१४ मध्ये पेटलेल्या युद्धाचा मेसोपोटेमियाशी आरंभी काही संबंध नव्हता. तो जोडला गेला तो तेलामुळे. इराणच्या आखाताच्या उत्तर टोकाशी असलेल्या अबादान येथे अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळशाऐवजी तेलावर चालू लागले होते आणि युद्धाच्या तोंडावर, १९१४ मध्येच, ब्रिटिश सरकारने या कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले होते. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरल्यास हा कारखाना आणि बसरा बंदर धोक्यात येणार, हे उघड होते. दुसरे कारण प्रतिष्ठेचे होते. तुर्की सुलतान हा खलिफा मानला जात असल्याने त्याच्या धर्मयुद्धाच्या हाकेचा हिंदुस्थानातील मुसलमानांवर परिणाम होईल, अशी सिमल्यातील सरकारला धास्ती होती.

त्यामुळे तुर्कस्तानाने युद्धात पडण्यापूर्वीच, १६ ऑक्टोबर १९१४ रोजी, पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून जहाजाने निघाली. ६ नोव्हेंबरला ती फाओ येथे उतरली आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बसरा हाती आले. येथे मोहिमेचा मूळ हेतू पूर्ण झाला होता, हे पुढील घटना समजण्यासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

डिव्हिजनचे नाव पुण्याचे असले, तरी तिच्यात सर्व शिपाई मराठी नव्हते. पंजाबी, राजपूत आणि नॉर्फोक, डॉर्सेट यांसारख्या गोऱ्या पलटणीही तिच्यात होत्या. मराठा पलटणींची भरती मुख्यतः सातारा, रत्नागिरी, पुणे, अहमदनगर व कोल्हापूर या भागांतून होई. या पलटणींत देशावरचे व कोकणातले मराठे यांच्याबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत, ही बाब 'मराठा' या नावामुळे अनेकदा नजरेआड होते. शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता.

बगदादचा मोह

१९१५ च्या पूर्वार्धात मिळालेल्या सोप्या विजयांनी मोहिमेची दिशा बदलली. एप्रिलमध्ये शैबा येथे तुर्कांचा प्रतिहल्ला मोडला गेला. त्याच महिन्यात मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांनी डिव्हिजनची सूत्रे घेतली. पुराने भरलेल्या प्रदेशात शिपायांना 'बेलम' नावाच्या लांबट स्थानिक होड्यांत बसवून त्यांनी ३ जून रोजी अमारा घेतले. सप्टेंबरच्या अखेरीस कूतही पडले.

आता बगदाद सुमारे दीडशे किलोमीटरवर दिसू लागले. गॅलिपोलीच्या आघाडीवर अपयश आल्याने लंडनच्या मंत्रिमंडळाला कुठेतरी विजय हवा होता. सरसेनापती सर जॉन निक्सन आशावादी होते. टाउनशेंड यांनी सैन्य अपुरे असल्याचे कळवले, पण आज्ञा पाळली. बसऱ्यापासून नदीमार्गे शेकडो किलोमीटर लांबलेल्या रसदीसाठी आगबोटी पुरेशा नव्हत्या, रुग्णवाहिका नावापुरत्या होत्या आणि रेल्वे मुळीच नव्हती. मोहिमेचा पराभव रणांगणापेक्षा या हिशेबात आधी झाला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे, प्राचीन सासानी राजवाड्याच्या कमानीच्या छायेत, लढाई झाली. मराठा पलटणी त्यात होत्या. तुर्कांची पहिली फळी घेतली गेली, पण सुमारे ४,६०० माणसे मेली वा जखमी झाली आणि पुढे जाण्याचे बळ उरले नाही. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत व तेथून उघड्या बोटींतून बसऱ्याला नेण्यात आले. 'मेजिदिये' ही बोट बसऱ्यास लागली तेव्हा जखमींची जी अवस्था दिसली, तिची नोंद इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी केली. ती वरिष्ठांना इतकी झोंबली की त्यांनाच कारवाईची धमकी मिळाली. पुढे चौकशी आयोगासमोर हीच साक्ष सर्वांत परिणामकारक ठरली.

वेढा

माघार घेत डिव्हिजन ३ डिसेंबरला कूतला पोहोचली आणि ७ तारखेला तुर्कांनी तिला वेढले. तुर्की सैन्याचे मार्गदर्शन वृद्ध जर्मन फील्डमार्शल फोन डर गोल्त्झ करीत होते. अखेरच्या टप्प्यात नेतृत्व हलील पाशांकडे होते. नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या गावात सुमारे सहा हजार अरब रहिवासीही अडकले. नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी ईशान्येकडील मातीच्या किल्ल्यावर जोरदार हल्ला चढवला. किल्ल्याच्या रक्षकांत १०३वी मराठा ही पलटण, म्हणजे आजच्या मराठा रेजिमेंटची 'जंगी पलटण', होती. हल्ला परतवला गेला. त्यानंतर तुर्कांनी मोठा हल्ला केला नाही; उपासमार हेच त्यांचे शस्त्र झाले.

येथे टाउनशेंड यांची एक चूक फार महागात पडली. आरंभी त्यांनी धान्याचा साठा थोड्याच दिवसांचा असल्याचे कळवले. त्यामुळे मदतीसाठी निघालेल्या सैन्याने पुरेशी तोफदळे व दवाखाने गोळा होण्याची वाट न पाहता घाईने हल्ले केले. जानेवारीच्या अखेरीस गावातील घरे धुंडाळल्यावर एप्रिलपर्यंत पुरेल इतके धान्य असल्याचे आढळले. तोपर्यंत शेख साद, वादी आणि हन्ना येथील लढायांत हजारो माणसे गेली होती. हन्ना येथे २१ जानेवारी १९१६ रोजी पावसाने चिखल झालेल्या मोकळ्या मैदानात एका दिवसात सुमारे २,७०० माणसे कामी आली वा जखमी झाली. मार्चमध्ये दुजैला येथे व एप्रिलमध्ये सन्नैयत येथेही मार्ग उघडता आला नाही. कूतमधील सुमारे तेरा हजार लोकांची सुटका करण्याच्या प्रयत्नांत तेवीस हजारांच्या आसपास सैनिक मृत वा जखमी झाले.

मदतीस निघालेल्या या सैन्यात ९७वी डेक्कन इन्फंट्री होती. तिच्या द्वारे या घटनेचा मराठवाड्याशी संबंध पोहोचतो. ही पलटण मूळची निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या 'हैदराबाद कंटिंजंट'ची. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील छावणी ही या फौजेच्या प्रमुख ठाण्यांपैकी एक होती आणि १८५७ च्या जूनमध्ये तेथील घोडदळाने उठाव केला होता. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. तिच्याच घोडदळातून बनलेली २०वी डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूड येथे भाले घेऊन चालून गेली.

उपासमार

फेब्रुवारीपासून मांसासाठी घोडे व खेचरे मारली जाऊ लागली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदू व मुसलमान दोघांनीही, नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून बिनतारी संदेशाद्वारे परवानगी मागवण्यात आली. ती मिळूनही अनेकांची अडचण शास्त्राची नव्हती, गावाची होती: परत गेल्यावर पंगतीत कोण बसवील आणि मुलीचे लग्न कोठे जमेल, ही भीती होती. ब्रिटिश लेखकांनी या नकाराकडे बहुधा हट्ट म्हणून पाहिले आहे. एप्रिलमध्ये शिधा दिवसाला चार-पाच औंस पिठावर आला, तेव्हा बहुसंख्यांनी घोड्याचे मांस खाल्ले. पण तोवर भाज्या व मांसाअभावी हिंदी पलटणींत स्कर्व्हीची साथ पसरली होती. खंदकातील पहारेकरी उभ्या जागी कोसळत.

एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून पिठाच्या गोण्या टाकण्यात आल्या. वेढलेल्या फौजेला हवाई मार्गाने अन्न पुरवण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक. गरजेच्या मानाने तो फारच तोकडा पडला. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही आगबोट धान्य भरून निघाली, पण ती तुर्कांनी पकडली. टी. ई. लॉरेन्स व ऑब्री हर्बर्ट यांच्यामार्फत वीस लाख पौंडांपर्यंत रक्कम देऊ करण्यात आली. हलील पाशांनी ती नाकारली. २९ एप्रिल १९१६ रोजी तोफा निकामी करून डिव्हिजन शरण गेली. वेढ्याच्या काळात सुमारे एक हजार माणसे लढाईत व सातशेहून अधिक रोगाने मरण पावली होती. ब्रिटिशांना मदत केल्याच्या आरोपावरून कूतच्या काही अरब रहिवाशांना फाशी देण्यात आले. हलील पाशांनी पुढे 'कूत' हेच आडनाव घेतले.

कैद

शरण आलेल्यांची संख्या सुमारे १३,३०० होती. त्यात हिंदी शिपाई जवळजवळ सात हजार आणि भिस्ती, धोबी, डोलीवाले, खेचरवाले असे बिनलढाऊ लोक तीन हजारांहून अधिक होते. अत्यंत आजारी अशा अकराशेच्या आसपास लोकांची अदलाबदल झाली. उरलेल्यांना उन्हाळ्यात बगदाद व मोसुलमार्गे वाळवंटातून पायी चालवत नेण्यात आले. जोडे, पाण्याच्या बाटल्या व घोंगड्या वाटेतच लुटल्या वा विकल्या गेल्या; मागे पडलेला माणूस बहुधा तेथेच राहिला. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यात आले. मुसलमान कैद्यांना फोडण्याचे प्रयत्न तुर्कांनी केले.

गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून अधिक, म्हणजे दर दहांतील जवळजवळ सात, कैदेत मेले. हिंदी कैद्यांतील मृत व बेपत्ता मिळून आकडा अडीच ते तीन हजारांच्या घरात जातो. टाउनशेंड यांना मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला आणि त्यांनी युद्धाचा उर्वरित काळ सुखात काढला.

या कैदेविषयी इंग्रज अधिकाऱ्यांची पुस्तके अनेक आहेत. हिंदी बाजूने बंगाल अँब्युलन्स कोरचे शिशिर सर्वाधिकारी यांचे 'अभि ले बगदाद' हे बंगाली पुस्तक महत्त्वाचे आहे. मराठा शिपायांपैकी बहुतेक निरक्षर होते आणि त्यांच्या वाट्याला असा लेखक आला नाही.

परिणाम

१९१७ मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात हिंदुस्थान सरकार व लष्करी अधिकाऱ्यांवर कडक ताशेरे होते. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. जनरल मॉड यांनी रसद व दवाखान्यांची नीट व्यवस्था लावून ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले. तिन्ही मराठा पलटणी नव्या भरतीने पुन्हा उभारण्यात आल्या. मोहिमेच्या अगदी शेवटच्या दिवसांत, ऑक्टोबर १९१८ मध्ये, शरकात येथे ११४व्या मराठा पलटणीने मोठा पराक्रम केला. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३वी, ११०वी व ११७वी या अनुक्रमे ५व्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या पलटणी झाल्या. ११७वीला मिळालेली 'रॉयल' ही उपाधी पाचवीच्या नावात राहिली.

संपूर्ण मेसोपोटेमिया मोहिमेत ब्रिटिश व हिंदी मिळून सुमारे अकरा हजार माणसे लढाईत ठार झाली, चार हजारांच्या आसपास जखमांनी गेली आणि साडेबारा हजारांहून अधिक रोगाने दगावली.

स्मारके

कूत येथे युद्धदफनभूमी आहे. ज्यांची थडगी नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी बसरा स्मारक उभारण्यात आले. १९९७ मध्ये ते शहराबाहेर हलवले गेले. या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे शिपायापर्यंत कोरलेली होती. हिंदी पलटणींत मात्र केवळ अधिकाऱ्यांची नावे दिली गेली आणि शिपायांची पलटणवार संख्या लिहिण्यात आली. राष्ट्रकुल युद्धदफनभूमी आयोगाने २०२१ च्या अहवालात या भेदभावाची कबुली देऊन माफी मागितली.

पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील अनेक गावांत चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या आढळतात. गावातून किती माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली व त्यांपैकी किती मरण पावली, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. तेथेही नावे नाहीत.