ओळख : डॉक वॉटसन (१९२३-२०१२)

नॉर्थ कॅरोलिनात राहणारी आपण मंडळी पानांचे रंग बघायला ब्ल्यू रिज पार्कवेला हमखास जातो. त्याच डोंगरातल्या डीप गॅप या गावी ३ मार्च १९२३ रोजी आर्थेल लेन वॉटसन, म्हणजेच 'डॉक' वॉटसन यांचा जन्म झाला. डोळ्यांच्या संसर्गामुळे ते एक वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली.

वडिलांनी मात्र त्यांना घरात बसवून ठेवले नाही. अकराव्या वर्षी स्वतः बनवलेला बॅंजो दिला आणि चौदाव्या वर्षी लाकडे कापायच्या मोठ्या करवतीचे एक टोक हाती दिले. शाळा रॅलेची, अंध मुलांसाठीची. पुढे संसार चालवण्यासाठी डॉक पियानो सुरात लावून देत.

ब्लूग्रास संगीतात तेव्हा गिटारचे काम मुख्यतः ताल धरण्याचे. चाल वाजवायची ती फिडल, बॅंजो किंवा मॅंडोलिनने. १९५३ च्या सुमारास डॉक एका कंट्री बॅंडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागले. बॅंडमध्ये फिडलवादक नव्हता आणि स्क्वेअर डान्सला तर फिडलच्याच चाली लागत. मग डॉकनी त्या द्रुत चाली गिटारवर बसवल्या. चपट्या 'पिक'ने वाजवायच्या या शैलीला 'फ्लॅटपिकिंग' म्हणतात. तिच्यामुळे गिटार मुख्य वाद्यांच्या रांगेत आली.

१९६० मध्ये लोकसंगीताचे संग्राहक राल्फ रिंझलर दुसऱ्याच कलाकाराचे ध्वनिमुद्रण करायला आले आणि त्यांना डॉक भेटले. १९६३ च्या न्यूपोर्ट महोत्सवात डॉक वाजवायला बसले तेव्हा ते चाळिशीचे होते! १९६४ पासून मुलगा मर्ल साथीला आला. बापलेकांची ही जोडी वीस वर्षे गाजली. ऑक्टोबर १९८५ मध्ये ट्रॅक्टर उलटून मर्लचा मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ १९८८ पासून विल्क्सबोरो येथे एप्रिलअखेर 'मर्लफेस्ट' भरतो.

डॉकना १९९७ मध्ये राष्ट्रीय कलापदक आणि २००४ मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. २९ मे २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. बून गावात २०११ मध्ये त्यांचा पुतळा बसवला, तेव्हा त्यावर 'लोकांपैकीच एक' एवढेच लिहावे, अशी त्यांची इच्छा होती. तसेच लिहिले आहे.

सुरुवात म्हणून १९६४ च्या त्यांच्या पहिल्या एकल अल्बममधील 'ब्लॅक माउंटन रॅग' ऐकावे, असे आम्ही सुचवतो. वेग तर आहेच, पण त्या वेगातही प्रत्येक स्वर सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो, तिकडे जरूर लक्ष द्या.