बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही, असं नाही

गेल्या वर्षी आबा नऊ दिवस आयसीयूत होते. तोंडात नळी, हात पलंगाला बांधलेले. भेटीच्या दहा मिनिटांत आई रोज एकच विचारायची, "दुखस का?" उत्तर कुठून येणार? कूस बदलताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. मी विचारलं तर सांगितलं गेलं, "झोपेच्या औषधावर आहेत, काही कळत नाही त्यांना." मी गप्प बसलो. देवपूरला घरी आल्यावर आबा म्हणाले, "नळीतून कफ ओढायचे तेव्हा जीव जायचा. सगळं कळत होतं."

दवाखान्याचं नाव घेत नाही. कारण हा समज एका दवाखान्याचा नाही, त्याला मोठा इतिहास आहे.

आयसीयूची सुरुवात १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीतून झाली असं मानतात. गळ्यातल्या नळीला पिशवी जोडून वैद्यकीय विद्यार्थी रात्रंदिवस हाताने श्वास देत होते. पुढे ते काम यंत्राने घेतलं. जीव वाचू लागले, पण पेशंटचा आवाज गेला. आणि आवाज गेला की वेदनाही गेली, असं धरलं जाऊ लागलं.

तान्ह्या बाळांचं तेच झालं. धुळ्याहून आग्रा रोडने गेलं की इंदूर. तिथल्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद ऑक्सफर्डला गेले. तेव्हा मुदतीआधी जन्मलेल्या बाळांची ऑपरेशनं कित्येकदा नावापुरती भूल देऊन होत. १९८७ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की फेन्टॅनिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. बाळं बोलत नव्हती, त्यांचं रक्त बोललं.

आपल्याकडे आणखी एक अडसर आला. इंदूरच्या पुढे नीमचला सरकारी अफूचा कारखाना आहे, मॉर्फिन अफूपासूनच बनतं. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात शिक्षा कडक, परवाने किचकट. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, देशातला वापर कोसळला. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही.

आता न बोलणाऱ्या पेशंटची वेदना मोजता येते. २००१ साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी एक मोजपट्टी मांडली. चेहरा, हातांची हालचाल आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं, प्रत्येकाला १ ते ४ गुण. एकूण ३ म्हणजे शांत, १२ म्हणजे असह्य. यंत्र लागत नाही, खर्च नाही. नर्सची दोन मिनिटं लागतात. मात्र स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर ही मोजपट्टी चालत नाही, कारण माणूस हलूच शकत नाही. वेदना तेव्हाही असू शकते. आणि झोपेची बरीच औषधं वेदना कमी करत नाहीत, हे तर मला आबा घरी आल्यावर समजलं.

म्हणून आपलं माणूस आत असेल तर भांडू नका, पण विचारा. "झोपेचं औषध आहे, पण दुखण्याचं चालू आहे का? वेदनेचे गुण किती?" बीपी, ऑक्सिजनच्या शेजारी तोही आकडा कागदावर हवा. सरकारी असो की खाजगी, धुळे-जळगावच्या प्रत्येक आयसीयूत हवा.

मी तेव्हा विचारलं नाही. तुम्ही विचारा.