चंद्र ताटासारखा का दिसतो?

पौर्णिमेच्या रात्री एखाद्या इमारतीच्या गच्चीवर जावं आणि चंद्राची कड निरखावी. चेंडूवर समोरून उजेड टाकला तर तो मधोमध उजळतो आणि कडेकडे मंदावतो. चंद्राचं तसं होत नाही. त्याची कड जवळजवळ मध्याइतकीच लखलखते, म्हणून तो गोळा न वाटता ताट वाटतो. त्याच्यावरची खडबडीत धूळ उजेड ज्या दिशेनं आला त्याच दिशेला अधिक परतवते. डेस्कटॉपच्या वॉलपेपरसाठी संगणकावर खराखुरा वाटणारा ग्रह घडवायला निघालेल्यांनी हा पहिला धडा इथेच गिरवावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी चित्रकलेची पदवी लागत नाही. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

संगणकावर ग्रह घडवण्याची ही वाट संगणकचित्रणातले संशोधक जेम्स ब्लिन यांनी रुंद केली. पृष्ठभाग प्रत्यक्ष न उचलता, केवळ छायाप्रकाशातून खडबडीतपणा भासवण्याची रीत त्यांनी १९७८ मध्ये मांडली. पुढे व्हॉयेजर यानांच्या ग्रहभेटी संगणकावर चितारताना शनीची कडी आली, तेव्हा धुळीवरून आणि ढगांवरून उजेड कसा परततो याचं गणित त्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलं.

नवशिक्याचा हात सैल सुटतो तो डोंगर आणि हवा रंगवताना. थोडा हिशेब करू. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर. पडद्यावर ती हजार पिक्सेलची केली, तर एक पिक्सेल म्हणजे पावणेतेरा किलोमीटर. १,६४६ मीटरचं कळसूबाई त्यात पिक्सेलचा जेमतेम आठवा भाग, एव्हरेस्टही एका पिक्सेलात मावतो. शंभर किलोमीटरपर्यंतची हवा धरली तरी आठच पिक्सेल, आणि त्यातलीही दाट, निळी हवा अगदी खालच्या एक-दोन पिक्सेलांत. म्हणजे कड गुळगुळीतच हवी. सह्याद्री दिसेल तो दिवस-रात्रीच्या सीमेवर, तिरप्या उन्हाच्या सावल्यांत. समुद्राची तऱ्हा वेगळी. भाईंदरच्या मिठागरांत ऊन एकाच जागी डोळे दिपवतं, तसाच एक झगझगीत ठिपका पृथ्वीच्या पाण्यावर हवा.

आपलं चित्र पुरं झालं की शेजारी मंगळयानानं सप्टेंबर २०१४ मध्ये ७४,५०० किलोमीटरवरून टिपलेला पूर्ण मंगळ ठेवावा. भोवती काळोख आहे, तारे नाहीत. उन्हातल्या ग्रहासाठी कॅमेऱ्याची झडप क्षणभरच उघडते, तेवढ्यात तारे उमटत नाहीत. आणि मंगळाच्या उत्तर गोलार्धात एक धुळीचं वादळ उठलेलं आहे.